क्विक्झॉटिक म्हणजे शेखचिल्ली नव्हे

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमच्या मजल्यावरच्या एका ताईंनी विषय काढला की समोरच्या साइटवरच्या मजुरांच्या पोरांना संध्याकाळी आपल्या हॉलमध्ये तासभर शिकवूया, तर एक काका लगेच म्हणाले, "चांगलंय, पण फारच क्विक्झॉटिक वाटतं हो." झालं, विषय तिथेच बारगळला. मला तेव्हा सुचलं नाही म्हणून इथे लिहितेय.

क्विक्झॉटिक म्हणजे हेतू उदात्त, पण व्यवहाराचं भान नसलेलं. हा इंग्रजी शब्द आला डॉन किहोते (Quixote) या नावावरून. सर्व्हांतेसची स्पॅनिश कादंबरी, पहिला भाग १६०५ चा, दुसरा १६१५ चा. ला मांचातला पन्नाशीचा माणूस, शूर सरदारांच्या गोष्टी वाचून वाचून डोकं फिरतं, मरतुकड्या घोड्यावर बसून जगातला अन्याय दूर करायला निघतो, पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला घेऊन धावतो आणि घोड्यासकट आपटतो. बहुतेकांना एवढंच माहीत असतं, म्हणून शेखचिल्ली म्हणून मोकळे होतात. अहो पण शेखचिल्ली जागचा हलत नाही, मनातल्या मनात इमले बांधतो, हा माणूस उठतो, मार खातो, परत निघतो! बरं, ध्येयवेडा म्हणावं तर तो आपण कौतुकाने म्हणतो, आणि क्विक्झॉटिकमध्ये कौतुकासोबत एक टोचणीही आहे.

ती टोचणी मला आंद्रेसच्या प्रसंगात कळली. मालक एका पोराला झाडाला बांधून पट्ट्याने मारत असतो, पगारही थकवलेला. किहोते त्याला दरडावतो, पोराला सोडायला लावतो, पैसे देण्याची शपथ घ्यायला लावतो आणि खूश होऊन पुढे जातो. तो दिसेनासा होताच मालक पोराला पुन्हा बांधून आधीपेक्षा जास्त मारतो. पुढे कधीतरी आंद्रेस भेटतो तेव्हा म्हणतो, माझे तुकडे करत असले तरी परत मदतीला येऊ नका. वाचताना पोटात कालवलं माझ्या. आपण गेल्यावर त्या पोराचं काय होणार हे किहोतेने बघितलंच नाही.

ताईंनी बघितलंय. मुकादमाशी बोलून आल्या होत्या, पोरं किती, आया किती वाजता सुटतात, काम अजून किती महिने चालणार. साइट संपली की पोरं जाणार हे धरूनच त्यांनी फक्त वाचायला शिकवायचं ठरवलं होतं. अवघड आहे, मान्य, पण अवघड असलेल्या प्रत्येक गोष्टीला हा शब्द चिकटवू नका ना.

काका, तुम्ही वडिलांसारखे आहात, राग मानू नका. पुढच्या मीटिंगला हा विषय मी परत मांडणार आहे.