किलिफीतही माड आहेत

चवथीला घरी गेलो होतो. आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, बांधताना दरवर्षी एखादा वाद पेटतोच. कधी खाणी, कधी कॅसिनो, कधी म्हादई. यंदा विषय निघाला पोरांच्या वजनाचा, आणि तो वहिनीने काढला. ती डिचोली तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. सणाच्या आदल्या दिवशीही ती पडवीत बसून मोबाइलवर पोरांची वजनं भरत होती. "पाच पोरं कमी वजनाची निघाली," ती म्हणाली. चुलतभाऊ शिडीवर होता, हातात नारळांचा घोस. त्याने तिथूनच निकाल दिला: "तीं आमचीं न्हय गे वहिनी, भायलीं भुरगीं तीं." म्हणजे आमची नव्हेत, बाहेरून आलेल्यांची पोरं.

त्याला एकट्याला दोष देत नाही. गोव्यात हेच उत्तर तयार असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण गोव्यात 2015-16 साली 20.1 टक्के होतं, ते 2019-20 मध्ये 25.8 वर गेलं. याच दोन फेऱ्यांत देशाचा आकडा 38.4 वरून 35.5 वर आला. देश उतरतो आणि आपण चढतो, याचं काहीतरी कारण द्यावं लागतं. कोविडवर ढकलता येत नाही, गोव्यातली मोजणी त्याआधीच झाली होती. मग राहतात बांधकामाच्या साइटवरचे, कर्नाटकातून आलेले लोक: विजापूर, बागलकोट, यादगीर. कोरडवाहू मुलखातून आले, कुपोषण सोबत घेऊन आले, आमचा आकडा बिघडवला.

मी तेरा वर्षं नैरोबीत आहे. बोअरवेलचे सौर पंप विकतो, बसवतो, बिघडले की दुरुस्तीला जातो. दुष्काळ पडला की आमचा धंदा वाढतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्या धंद्यामुळे केनियाचा उत्तरेकडचा रखरखीत भाग आणि किनारा, दोन्ही पायाखालून गेले. म्हणून माटोळीखाली उभं राहून मी केनियाचे आकडे सांगितले. खुंटलेल्या मुलांचं प्रमाण तिथे 2008-09 मध्ये 35 टक्के होतं, 2014 मध्ये 26 झालं, 2022 मध्ये 18. म्हणजे दरडोई उत्पन्नात देशात वरच्या पायरीवर बसलेला गोवा या एका बाबतीत केनियाच्या मागे आहे. आणि उंचीच्या मानाने रोडावलेल्या मुलांचं काय? केनियात 2022 मध्ये 5 टक्के, गोव्यात 2019-20 मध्ये 19.1.

पडवीत क्षणभर शांतता. मग बाबा म्हणाले, "आफ्रिकेतले आकडे कोण मोजतो?" मोजतात, बाबा. तीच जागतिक पद्धत, तोच तक्ता, तसाच उंची मोजायचा लाकडी फळा.

गोव्यावर अन्यायही करायचा नाही. सर्वेक्षणात आपल्याकडची दोन हजारांहून कमी घरं होती, त्यातली पाच वर्षांखालची मुलं त्याहून कमी. पाच-सहा टक्क्यांची चढउतार जपूनच वाचावी. दुसरं, आपल्याकडे पोर मरत नाही. वर्षाच्या आतले हजारी बालमृत्यू गोव्यात 5.6, केनियात 32. लसीकरण आहे, रस्ते आहेत, 108 आहे. पण पोर मरत नाही म्हणून बातमीही होत नाही. ते जगतं, बुटकं राहतं, शाळेत मागच्या बाकावर जातं, आणि आपण म्हणतो की आईबापच ठेंगणे आहेत.

आता कोरड्या मुलखाबद्दल, कारण त्याच्या नावावर सगळं खपवलं जातं.

तुर्काना हा केनियाचा वायव्य कोपरा. लोडवार या तिथल्या मुख्य गावाबाहेर बायका कोरड्या नदीपात्रात खड्डे खणतात आणि वाटीने पाणी काढतात. एक डबा भरायला दुपार जाते. 2014 च्या सर्वेक्षणात तिथली जवळपास 23 टक्के मुलं रोडावलेली होती, देशाची सरासरी 4 असताना. पाऊस पडत नाही म्हणून पोर रोडावतं, हे मी आधी जितकं सरळ समजत होतो तितकं नाही. तिथलं पोर शेळीच्या, उंटिणीच्या दुधावर वाढतं. चारा संपला की पुरुष कळप घेऊन लांब जातात, आणि कळपाबरोबर दूधही जातं. मागे राहतात बाई, म्हातारी माणसं आणि पोरं. बाई पाण्यामागे दिवस घालवते, तान्हं मोठ्या बहिणीच्या कडेवर असतं, अंगावरचं पाजणं लांबतं. पाणी गढूळ, मग हगवण. हगवणीत भूक मरते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. दंडाला पट्टी लावली की लाल: घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं मिळतात, दीड-दोन महिन्यांत पोर सावरतं, घरी जातं, आणि पुढच्या कोरड्या महिन्यांत तेच पोर पुन्हा रांगेत. 2020 च्या अखेरीपासून पाच पावसाळे ओळीने चुकले तेव्हा देशात 25 लाखांच्या आसपास जनावरं मेली. त्या काळात मी सगळ्यात जास्त पंप बसवले. पाणी आलं. दूध आलं नाही.

आणि हा मुलूख नुसता निसर्गाने कोरडा ठेवलेला नाही. स्वातंत्र्यानंतर 1965 साली केनिया सरकारने ठरवलं की पैसा तिथे घालायचा जिथून जास्त उत्पन्न निघेल. म्हणजे चहा-कॉफीच्या डोंगरांत. उत्तरेला रस्ते, दवाखाने, शाळा उशिरा पोचल्या, त्या इतक्या की तिकडची माणसं नैरोबीला निघाली की अजून म्हणतात, "केनियाला जाऊन येतो."

तरीही त्या देशातली सगळ्यात खुंटलेली मुलं तुर्कानात नाहीत. तिथली पोरं काटकुळी, पण बऱ्या वर्षांतल्या दुधामुळे उंच निघतात. 2022 च्या सर्वेक्षणात खुंटलेल्या मुलांचं प्रमाण सर्वांत जास्त, 37 टक्के, निघालं ते किलिफीत.

किलिफी म्हणजे समुद्रकिनारा. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला घरची आठवण येऊन घशात आवंढा आला होता. माड, आंबे, काजू. माडावर चढून ताडी काढणारे, आपल्या रेंदेरासारखेच. मालिंदीला समुद्रात घुसलेल्या खडकावर वास्को द गामाचा स्तंभ. 1498 मध्ये इथूनच वाटाड्या घेऊन तो कालिकतला गेला. मोरजीत जसे रशियन, तसे मालिंदीत इटालियन. पिझ्झा उत्तम मिळतो. आणि किनाऱ्यापासून तासा-दोन तासांवर, गांझेसारख्या भागात, मक्याची करपलेली शेतं. पोराला सकाळी बिनदुधाचा चहा, दुपारी उगाली, रात्री उगाली. म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्यासोबत जमली तर चिमूटभर पालेभाजी. मासळी हॉटेलात जाते. कित्येक कुटुंबं पिढ्यानपिढ्या ज्या जमिनीवर राहतात तिचा कागद त्यांच्या नावावर नाही, म्हणून माड लावायचा तरी कोणाच्या भरवशावर? पर्यटकांचा पैसा त्याच जिल्ह्यात येतो आणि त्याच जिल्ह्यात पोर उपाशीही नसतं, धड खाल्लेलंही नसतं. पोट भरतं, अंग भरत नाही.

चुलतभावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तिथले तरी त्यांचेच."

इथेच आमचं बिनसतं. वहिनीबरोबर मी दुसऱ्या दिवशी एका साइटवर गेलो. पत्र्याच्या शेडी, सिमेंटच्या पिंपातलं पाणी. एक पोर साडीच्या झोळीत, तिला झोका द्यायला सहा वर्षांची बहीण. चौदा महिन्यांची, साडेसहा किलो. आई यादगीरकडची. तूर-ज्वारी निघाली की गावात काम नाही, मग नवरा-बायको दोघं बाहेर पडतात. ही झोळीतली पोटात असतानाही ती इथेच खडी उचलत होती. आता हिशेब करा. पोटातले नऊ महिने आणि नंतरची दोन वर्षं, त्यातच वाढ ठरते. ही पोर त्यातला एक दिवसही कोरड्या मुलखात राहिलेली नाही. तिचं पोषण जे काही झालं ते गोव्याच्या पाण्यावर, गोव्याच्या मजुरीवर, चहात बुडवलेल्या गोव्यातल्या बिस्किटावर. यादगीरने तिच्या आईला अशक्त करून पाठवलं, हे खरं. पण पोर गोव्यातच खुंटतंय.

आणि गंमत अशी की आपला आकडा या पोरांनी बिघडवला, हेही मला पटत नाही. सर्वेक्षणाची गावं आणि प्रभाग 2011 च्या जनगणनेवरून निवडलेले. सहा महिन्यांनी हलणाऱ्या पत्र्याच्या शेडीत यादी करणारा पोचला असेल, असं मला वाटत नाही. जी मोजली गेली ती बहुतांशी दारावर नंबर असलेल्या घरांतली. याच सर्वेक्षणात गोव्यातल्या रक्तक्षय असलेल्या बायका 31.3 टक्क्यांवरून 39 वर गेल्या आणि लहान मुलं 48.3 वरून 53.2 वर. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं. ती सगळी झोळीतली? आमच्याच वाड्यावर सकाळी तिजान, म्हणजे नाचण्याची पेज, शिजायचं बंद झालं. आता पोराच्या हातात चिप्सचं पाकीट असतं आणि आजी कौतुकाने सांगते, "जेवतच नाही हो, पण हे आवडीने खातो." वहिनीच्या त्या पाचांपैकी दोन आडनावं मला ओळखीची होती. मी ती माटोळीखाली घेतली नाहीत, सण होता.

भायला म्हणजे कोण, याची व्याख्या 20 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, आधीच्या आजा-पणज्यावरून करायचा आग्रह गोव्यात धरला जातो. जमिनी जाताहेत, भाषा मागे पडतेय, ही भीती खोटी नाही. परदेशात राहून तिची टर उडवणं मला शोभणारही नाही. पण नैरोबीत मीही भायलाच आहे. रस्त्यावर "मुहिंदी", म्हणजे हिंदी माणूस, म्हणून हाक येते, कधी प्रेमाने, कधी नाही. माझी मुलगी तिथे जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने माय-लेकराचं छोटं पुस्तक दिलं, दर महिन्याला वजनाचा ठिपका त्यात घातला आणि एका महिन्यात रेघ आडवी झाली तेव्हा माझ्या बायकोला झापलं. आजा कुठला, हे तिने विचारलं नाही. त्याच शहरात तुर्कानाहून आलेल्या रखवालदाराच्या पोराला तीच नर्स इतक्या आस्थेने झापते का, हे मात्र मी पाहिलेलं नाही, आणि मला शंका आहे.

गोव्यात करायला खूप मोठं काही लागत नाही. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासाहून जास्त बायका कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या पोरांसाठी खोली ठेवायला सांगितलं होतं. पन्नासाहून जास्त! गोव्यात एका इमारतीच्या साइटवर इतक्या बायका मी पाहिल्या नाहीत. कंत्राटदाराला पळवाट शोधावीसुद्धा लागत नव्हती. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, तो या कामगारांसाठीच. त्यातून चार-पाच साइट मिळून एक पाळणाघर, एक शिजवणारी बाई, नाचण्याचं सत्त्व, अंडं, उकळलेलं पाणी. आई अकरा वाजता येऊन पाजू शकेल इतक्या अंतरावर. आणि पोर साइट बदलून गेलं तर त्याचं वजनाचं कार्ड त्याच्याबरोबर जावं. वहिनी म्हणते, ॲपमध्ये स्थलांतराची सोय आहे. पण जाणारा सांगून जात नाही, आणि मजुराला ठेकेदार आदल्या रात्री सांगतो.

नैरोबीला परतल्यावर महिनाभराने तिला फोन केला, त्या झोळीतल्या पोरीची चौकशी केली.

"गेलीं तीं," वहिनी म्हणाली. स्लॅब झाला, टोळी उठली. म्हापशाच्या बाजूला दुसरी साइट असेल, नाहीतर गावी. पोरीचं कार्ड तिच्या खणात आहे. त्यावर दोन ठिपके आहेत, दुसरा पहिल्याच्या खाली.