घड्याळाचं नुसतं डोकं

लॅपटॉप टीव्हीला जोडायची केबल पहिल्याच झटक्यात बसली, तिथेच मला संशय यायला हवा होता. टीव्हीच्या पाठीमागे हात घालून, न बघता, खाच शोधायची, केबल तीनदा उलटसुलट करायची आणि शेवटी ती पहिल्या बाजूनेच बसायची, हा माझा आजवरचा अनुभव. त्या दिवशी मात्र बसली. चित्रही लगेच उमटलं. सगळे सोफ्यावर येऊन टेकले, कारण फोटो बघायचे होते.

केबल आखूड होती, म्हणून लॅपटॉप टीव्हीच्या मागे कोंबला होता. त्याचा स्वतःचा स्क्रीन बंद ठेवून सगळा कारभार टीव्हीवर सोपवला होता. हातात फक्त बिनतारी माउस. त्या माउसने फोटोंचं फोल्डर शोधायला खाली गेलो, तर स्टार्टचं बटण जागेवर नाही. टास्कबारची नुसती कड दिसत होती, उंबरठ्यापलीकडून कुणी डोकावावं तशी. उजवीकडच्या घड्याळातली तारीख गायब, आणि वेळेचं नुसतं डोकं शिल्लक. इंग्रजी आठ, नऊ आणि शून्य यांची डोकी किती सारखी असतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तरीही फोटो लावला. घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो. मागच्या रांगेत काका उभे. काकांना केस आधीच बेताचे, तेवढेही टीव्हीने वरच्या वर कापले होते. काका समोरच बसलेले. काहीच बोलले नाहीत, पण हात नकळत डोक्याकडे गेला.

फोटो बंद करायला वर उजव्या कोपऱ्यातली फुली हवी. तीही पडद्याबाहेर. माउस कोपऱ्यात ढकलून आंधळेपणाने क्लिक केलं की फुलीवर बसतं, हे खरं. फक्त तेव्हा आपण नेमकी कोणती खिडकी बंद करतोय हे माहीत असावं लागतं. मी सबंध दिवसाचं काम न साठवता उघडं ठेवलं होतं, एवढंच सांगतो.

भाच्याला फोन लावला. "मामा, रिझोल्यूशन बघ," तो म्हणाला. हल्लीच्या मुलांचा सगळ्या दुखण्यांवर हाच एक उपाय. बघितलं. १९२० बाय १०८०, म्हणजे आडवे १९२० ठिपके आणि उभे १०८०. टीव्हीचंही तेवढंच. म्हणजे ते बरोबर होतं, आणि जे बरोबर आहे त्याला हात लावू नये, हे न कळण्याइतका मी उत्साही होतो. १२८० बाय ७२० करून पाहिलं. अक्षरं मोठी झाली, पण कड तेवढीच कापलेली. टीव्ही टक्केवारीने कापत असतो. तुम्ही मोठं द्या की लहान द्या, तो आपला वाटा काढून घेणारच. मग हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं त्याचा, आकडा बदलला आणि पडदा काळाठिक्कर पडला. 'हा मोड चालत नाही' अशा अर्थाचं एक वाक्य तेवढं तरंगत राहिलं.

अशा वेळी काही न करणं हाच उपाय असतो. बदल कायम ठेवायचा का, हा प्रश्न कंप्युटर त्या अंधारातच विचारत असतो, आणि १५ सेकंदांत उत्तर आलं नाही तर मुकाट्याने पूर्वपदावर येतो. ज्याने हे सुचवलं त्याला माझा नमस्कार. पण सात जण आपल्या पाठीकडे बघत असताना १५ सेकंद हातावर हात ठेवून उभं राहून दाखवा.

या कापाकापीचं नाव ओव्हरस्कॅन, आणि त्याचं मूळ जुन्या, मागे भलंमोठं ढेरपोट असलेल्या टीव्हीत आहे. पिक्चर ट्यूबवरचं चित्र विजेच्या दाबाप्रमाणे आणि ट्यूबच्या वयाप्रमाणे थोडं फुगायचं, थोडं आकसायचं. कडाही धड सरळ नसायच्या. ते दिसू नये म्हणून चित्रच जरा मोठं करून त्याच्या कडा चौकटीखाली ढकलत. कार्यक्रम बनवणारेही शहाणे, महत्त्वाचं काही कडेला ठेवायचेच नाहीत. इथवर ठीक. पण माझा टीव्ही चपटा. त्यात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके रांगेत बसलेले, एकही इकडचा तिकडे हलत नाही. त्याला लपवण्यासारखं काय आहे? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ माझ्या बैठकीत भिंतीवर टांगलेला होता.

भाच्याचा दुसरा सल्ला: ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी असते, ती सरकवून चित्र लहान कर. केलं. टास्कबार वर आला, घड्याळाला धड फुटलं, काकांचे केस परत आले. टाळ्याही पडल्या. मग आई म्हणाली, "अक्षरं अशी पुसट का रे? माझ्या चष्म्याचा नंबर वाढला की काय?"

आईच्या चष्म्याचा काही दोष नव्हता. टीव्ही दर बाजूने अडीच टक्के कापत होता असं धरलं, तर कंप्युटर आता १९२० ठिपक्यांचं चित्र १८२४ ठिपक्यांत दाबून पाठवत होता आणि टीव्ही ते ताणून पुन्हा १९२० करत होता. एक शिंपी बाही आखूड करतोय, दुसरा तीच बाही लांब करतोय, आणि दोघंही मापाला पक्के. मधल्या मधे अक्षरांचा मात्र चोळामोळा.

खरं औषध टीव्हीच्या रिमोटमध्ये होतं. ते सापडायला पाऊण तास लागला, कारण ते कुठल्या नावाने राहतं ते कुणी सांगत नाही. चित्राच्या आकाराच्या यादीत 'झूम' होतं, '१६:९' होतं, आणि तळाशी अंग चोरून 'जस्ट स्कॅन' बसलं होतं. दुसरी कंपनी त्यालाच 'स्क्रीन फिट' म्हणते, तिसरी 'फुल पिक्सेल', आणखी कुणी 'डॉट बाय डॉट'. अर्थ सगळ्यांचा एकच, 'आलेल्या चित्राला हात लावू नकोस'. मग तसंच लिहायला काय हरकत होती?

मी ते निवडलं आणि फोटो पुन्हा लावला. कंप्युटरमधली ती पट्टी सरकवलेलीच राहिली होती, हे डोक्यातून पार गेलं होतं. टीव्हीने कापणं थांबवलं, कंप्युटरने आकसणं थांबवलं नव्हतं. परिणामी, सबंध कुटुंबाच्या फोटोभोवती चारी बाजूंनी जाड काळी चौकट.

खोलीत शांतता पसरली.

"अरे, काढ ते आधी," आई म्हणाली. "सगळी माणसं धडधाकट आहेत!"

"मला तर समोर बसवून लावलाय," काका म्हणाले.

घाईघाईने पट्टी शून्यावर आणली. चौकट गेली, अक्षरं लख्ख झाली. लाल अक्षरं तेवढी फेसाळल्यासारखी दिसत होती, कारण टीव्हीला अजून समोर कंप्युटर आहे हे ठाऊक नव्हतं. बऱ्याचदा टीव्ही उजेड ठिपक्याठिपक्याला वेगळा दाखवतो आणि रंग मात्र चार ठिपक्यांत एक वाटून देतो. सिनेमात हे कळत नाही, बारीक अक्षरांत डोळ्यांत खुपतं. त्या जोडणीचं नाव टीव्हीच्या यादीत 'पीसी' ठेवलं, तेव्हा माझ्या टीव्हीने ही काटकसर सोडली. नाव बदलल्याने स्वभाव बदलतो, हे मी याआधी कुठे पाहिलेलं नाही.

राहता राहिला अक्षरांचा आकार. सोफ्यावरून काही वाचता येईना. रिझोल्यूशनला हात न लावता स्केलिंग १५० टक्के केलं, आणि विषय मिटला. एवढं होईपर्यंत फोटो बघायला मी एकटाच जागा होतो.

पुढे आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग कुणीतरी टीव्हीच्या मागची धूळ पुसली, आणि केबल काढून परत लावताना शेजारच्या खाचेत लावली. टीव्ही प्रत्येक खाचेचा हिशेब वेगळा ठेवतो, हे मला तेव्हा कळलं.

"किती वाजले रे?" आईने आतून विचारलं.

मी पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. साडेआठ असावेत. किंवा साडेनऊ.