पेन्साकोला हे नाव स्पेनमधून आलेलं नाही

फ्लोरिडातलं पेन्साकोला म्हणजे १९१४पासून अमेरिकी नौदलाचे वैमानिक घडवणारं गाव. स्पॅनिशांनी स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पेनीस्कोला शहरावरून त्याचं नाव ठेवलं, असा दावा सर्रास फिरतो. त्याच्या बाजूने हे तीन युक्तिवाद केले जातात.

"१५५९मध्ये त्रिस्तान दे लुनाने नाव दिलं." हा स्पॅनिश वसाहतकार लुना ११ जहाजं आणि सुमारे १,५०० माणसं घेऊन आला, तेव्हा या खाडीला ओचूसे म्हणत. त्याने तिला दिलेलं नाव सांता मारियाचं. साधारण महिन्याभराने, १९ सप्टेंबरच्या वादळात बहुतेक जहाजं बुडाली. धान्य अजून जहाजांवरच होतं, तेही गेलं. १५६१मध्ये वसाहत सोडून दिली गेली. पेनीस्कोलात पोप लुना (पेद्रो दे लुना, रोमने न मानलेला पोप) राहत असे, हे खरं. पण आडनाव जुळलं म्हणून गावाचं नाव सिद्ध होत नाही.

"उच्चार तर सारखाच आहे." आजच्या इंग्रजी रूपात वाटतो खरा. पण जुन्या स्पॅनिश कागदांत 'पान्साकोला' आहे. पेनीस्कोलात 'नी'वर आघात पडतो, तो स्वर इथे गायब. शिवाय पहिला स्वर 'ए' नव्हे, 'आ'. आपल्याच देशातल्या शहराचं नाव स्पॅनिश कारकून असं कशाला मोडेल? परक्या भाषेतलं कानावर पडलेलं नाव मात्र असंच लिहिलं जातं. आणि ते कुणाचं, हेही ठाऊक आहे: फ्रेंचांची वसाहत शोधत १६८६मध्ये आलेल्या बारोतोच्या स्पॅनिश मोहिमेला या खाडीवर पान्साकोला नावाचे मूळनिवासी लोक भेटले. स्पॅनिश ठाणं उभं राहिलं त्यानंतर १२ वर्षांनी.

"स्पॅनिश लोक मायदेशातली नावं देतच." देत, पण इथे १६९३मध्ये दिलं ते सांता मारिया दे गाल्वे, मेक्सिकोच्या व्हाइसरॉयच्या मानार्थ. १६९८चं ठाणंही त्याच नावाचं. तरी तोंडी टिकलं ते स्थानिकच. शेवटी १७५७मध्ये सरकारी नाव झालं सान मिगेल दे पान्साकोला.

उलट बाजूचे उत्साही "लांब केसांचे लोक" असा अर्थ सांगतात. चॉक्टॉ या त्या भागातल्या मूळनिवासी भाषेत 'पान्शी' म्हणजे केस, 'ओक्ला' म्हणजे लोक. 'लांब' हा शब्द त्यात कुठेच नाही. शिवाय पान्साकोलांची स्वतःची बोली जवळपास नोंदलीच गेली नाही, त्यामुळे हा अर्थ चॉक्टॉच्या आधाराने लावलेला आहे. सर्वांत पटणारा हाच, पण अनुमानाने काढलेला.

पेनीस्कोलाचा आग्रह असेल, तर या खाडीसाठी ते नाव वापरणारा १६८६पूर्वीचा एक तरी कागद दाखवावा.