‘आयर्लंडचे सगळे कागद जळाले’ हे खरं नाही

गेल्या महिन्यात आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मजकूर तीनदा फिरून आला. थोडक्यात असा: १९२२ साली डब्लिनच्या आगीत आयर्लंडचं सगळं जुनं दप्तर जळालं, जनगणनाही त्यातच गेली. त्यामुळे अमेरिकेला गेलेल्या आयरिश घराण्यांना मूळ गाव शोधता येत नाही. आडनावावरून घराणं काढावं, नाहीतर डीएनए चाचणी करावी. आणि गाव सापडलंच, तरी तिथे आता ओळखणारं कोणी उरलेलं नाही.

या मजकुरानं नुकसान होतं. माझा जावई बॉस्टनचा, आडनाव सुलिव्हन. त्याच्या वडिलांनी तरुणपणी सुरू केलेला शोध हेच ऐकून अर्ध्यावर सोडला होता. मी आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये राहते. नात झाली तेव्हा तो शोध मी हातात घेतला. त्यातून जे कळलं त्याच्या बळावर एकेक मुद्दा घेते.

“सगळं दप्तर जळालं.” आग खरी आहे. यादवी युद्धाला तोंड फुटलं आणि ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत स्फोट होऊन तिथलं सरकारी अभिलेखागार खाक झालं. शतकानुशतकांचे कागद, मूळ मृत्युपत्रं, १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचा बहुतेक सगळा भाग गेला. जळके कपटे शहरावर उडत होते. ते नुकसान भरून येणारं नाही.

पण जे त्या इमारतीत नव्हतंच ते जळेल कसं? जन्म, मृत्यू आणि विवाहाची सरकारी नोंद १८६४ पासून आहे, कॅथलिक नसलेल्यांच्या विवाहांची तर १८४५ पासून. या वह्या निबंधकांच्या वेगळ्या कार्यालयात होत्या. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या त्या-त्या पॅरिशमध्येच, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतच, राहिल्या. राष्ट्रीय ग्रंथालयानं काढलेल्या त्यांच्या मायक्रोफिल्म जुलै २०१५ पासून इंटरनेटवर फुकट बघता येतात. शिवाय ग्रिफिथची मोजणी आहे. १८४७ ते १८६४ मध्ये, म्हणजे दुष्काळाच्या दिवसांत सुरू होऊन पुढे चाललेल्या या मोजणीत कोणाकडे किती जमीन, जमीनदार कोण, घर आहे का, आकार किती, हे वाडीवार छापलेलं आहे. सातबारा वाचायची सवय असलेल्या माणसाला ते पान पहिल्या दिवशी वाचता येतं.

“जनगणनाही त्याच आगीत गेली.” अर्धवट माहिती. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनं आकडे काढून झाल्यावर स्वतःच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेले. आगीशी त्यांचा संबंध नाही. १९०१ आणि १९११ च्या जनगणना मात्र घराघराच्या अर्जांसकट शाबूत आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागारानं त्या सगळ्यांना खुल्या केल्या आहेत.

१९११ चा अर्ज मी पहिल्यांदा उघडला तो दिवस मला आठवतो. कुटुंबप्रमुखाच्या सहीच्या जागी फुली. साक्षरतेच्या रकान्यात त्याच्यापुढे ‘वाचता येत नाही’, धाकट्या मुलीपुढे ‘लिहिता-वाचता येतं’. भाषेच्या रकान्यात आयरिश आणि इंग्रजी. आणि विवाहित बाईपुढे दोन आकडे: जन्मलेली मुलं ११, हयात ७. चार मुलं गेल्याचं त्या घरात बाहेरच्या माणसाला कोणी बोलून दाखवलं असेल का, कोण जाणे. सरकारनं विचारलं आणि तिनं आकडा सांगितला. मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

त्याच बाईचं वय १९०१ मध्ये ५६ होतं, १९११ मध्ये थेट ७१. चूक नव्हे. १९०९ पासून सत्तरीपुढच्यांना पेन्शन सुरू झालं आणि आयर्लंडभर माणसं दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झाली. वय सिद्ध करायला जन्माचा दाखला बहुतेकांकडे नव्हता, म्हणून कारकून १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्यांचं नाव शोधत आणि उतारा लिहून घेत. मूळ जनगणना जळाली, पण हे शोध-अर्ज राहिले आहेत. ‘कायमचं गेलं’ म्हणण्याआधी ते बघावेत.

“प्रोटेस्टंट असाल तर आशाच सोडा.” हा टोला मजकुरात शेवटी जोडलेला होता. चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट पंथाच्या निम्म्याहून अधिक वह्या अभिलेखागारात जमा होत्या आणि जळाल्या, हे बरोबर. पण जिथे सांभाळायची सोय होती तिथल्या गावातच राहिल्या. बराक ओबामांच्या आईकडचा पूर्वज फालमथ कर्नी १८५० मध्ये अमेरिकेला गेला, एका चांभाराचा मुलगा. तो ऑफली परगण्यातल्या मनीगॉलचा, हे २००७ मध्ये तिथल्या धर्मगुरूंनी चर्च ऑफ आयर्लंडच्याच नोंदींतून दाखवून दिलं. २३ मे २०११ ला ओबामा त्या गावात गेले आणि दूरच्या चुलतभावाला भेटले.

“आडनावावरून घराणं कळतं.” इथे आपल्या मराठी माणसांची विशेष फसगत होते. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान असताना २०१९ च्या डिसेंबरात मालवण तालुक्यातल्या वराडला आले. वराडकर म्हटलं की वराड, इतकं ते सरळ. आयरिश आडनावात गाव नसतं. कॉर्क आणि शेजारच्या केरी परगण्यात सुलिव्हन इतके आहेत की आपल्याकडे सगळे जाधव भाऊबंद समजण्यासारखं होईल. आडनावाचं ‘घराण्याचं चिन्ह’ म्हणून कपावर छापून विकतात तेही खरं नव्हे, कारण तशी चिन्हं माणसाला दिली जात, आडनावाला नाही. शोध लागतो तो टाउनलँडनं. हे गावाहून लहान एकक, कोकणातल्या वाडीएवढं, आणि आयर्लंडच्या बेटावर अशा ६० हजारांहून अधिक वाड्या आहेत. म्हणून आयर्लंडचे कागद चाळण्याआधी अमेरिकेतले चाळा: लग्नाची चर्चमधली नोंद, थडग्यावरचा मजकूर, मृत्यूची बातमी. एवढ्यात वाडीचं नाव कुठेतरी येतं. आणि नावावर अडून बसू नका. जावयाचा बॉस्टनला गेलेला पूर्वज जेरेमाया इथल्या वहीत डार्बी निघाला. कॉर्ककडे दोन्ही नावं डिअरमिड या आयरिश नावासाठी वापरत. तो तोच, हे पटलं ते बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातेच्या (गॉडमदर) नावावरून, कारण ती सख्खी मावशी होती.

डीएनएबद्दल थोडंच. ‘७३ टक्के आयरिश’ या आकड्यानं वाडी सापडत नाही. उपयोग होतो तो जुळलेल्या माणसांच्या यादीचा, तोही कागद हाताशी असतील तर. पाच-सहा पिढ्यांमागे फुटलेल्या शाखांतल्या पुष्कळ जणांचा डीएनए जुळतही नाही, म्हणून यादीत नाव नाही याचा अर्थ नातं नाही असा होत नाही.

“ओळखणारं कोणी उरलं नाही.” जावयाची पणजी म्हणायची, ‘आम्ही रुआ.’ घरच्यांनी ते गावाचं नाव समजून वर्षानुवर्षं नकाशे पालथे घातले. वाडी सापडल्यावर मी तिथल्या पॅरिशला साधं पत्र लिहिलं: कोण, कधी गेला, आईबापांची नावं, आणि शेवटी सहज हा शब्द. तीन आठवड्यांनी एका ऐंशीच्या आजोबांचा फोन आला. बेअरा द्वीपकल्पावर सुलिव्हन फार, म्हणून प्रत्येक शाखेला टोपणनाव असतं. रुआ म्हणजे तांबड्या केसांचे. त्यांचंही घर रुआच होतं.

जावई, मुलगी आणि नात ऑगस्टमध्ये गेली. आजोबा फाटकात उभे होते. त्यांनी कागद मागितले नाहीत, आडनाव विचारलं नाही. बाळाची टोपी काढून केस बघितले.