आपल्या अभिप्रायास उत्तर: चार रंग आणि चिकटलेला कागद

सप्रेम नमस्कार,

पणजीतील आमच्या तीन दिवसांच्या इम्पॅस्टो, म्हणजे जाड थरांत रंग लावण्याच्या, कार्यशाळेबद्दल आपण लिहिले आहे की, पूर्ण शुल्क घेऊन रंग चारच दिले, मागूनही निळा मिळाला नाही आणि चित्र घरी पोहोचेपर्यंत खराब झाले.

चित्र खराब झाले ही सर्वस्वी आमची चूक आहे. तैलरंगातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, त्यामुळे जाड थरावर वरून साय धरली तरी आतला रंग कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने ओला राहतो. हे ठाऊक असताना आम्ही ते भर पावसाळ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. आपण पाठवलेल्या छायाचित्रात रंगाच्या उंचवट्यांवर छापील अक्षरे उमटलेली पाहून फार वाईट वाटले.

रंगांच्या बाबतीत मात्र काटकसर नव्हती. यलो ऑकर (मातकट पिवळा), लाल, काळा आणि पांढरा हा संच स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (1860–1920) यांच्या नावाने ओळखला जातो. दुसऱ्या दिवशी आपण मांडवीच्या पाण्यासाठी काळ्या-पांढऱ्याचा करडा लावलात, तेव्हा तो राखेसारखा दिसत होता; शेजारी ऑकर आणि लाल मिसळून जांभ्या दगडाची भिंत सुरीने ओढलीत आणि तोच करडा निळसर भासू लागला. हे सांगून पटत नाही, स्वतःच्या हाताने व्हावे लागते, म्हणूनच निळ्याची ट्यूब आम्ही बाहेर काढली नाही. शिवाय जाड रंगात उंचवट्यावर पडणारा उजेड आणि त्याची सावलीच बरेच काम करते. गोव्यातील साळगावात 1924 साली जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनी 1960च्या दशकात निव्वळ काळ्या रंगाच्या जाड थरांतून चित्रे घडवली, ती याच बळावर.

तरीही, पावसानंतरच्या आकाशाचा स्वच्छ निळा या चार रंगांतून निघत नाही, हे खरे आहे. ते नाव नोंदवतानाच सांगायला हवे होते. आता रंगांची यादी नोंदणीच्या अर्जातच दिली आहे आणि ओली चित्रे महिनाभर आमच्याकडेच मांडणीवर ठेवण्याची सोय केली आहे.

आपण एक दिवस विनाशुल्क यावे, कॅनव्हास आणि रंग आमचे असतील. येताना जुने चित्र जरूर आणावे, परंतु चिकटलेला कागद घरी ओढून काढू नये. त्याच्याबरोबर रंगाचे उंचवटेही निघून येतील.

आपली,
कार्यशाळेची संचालिका