हॉल्ट बंद पाडण्याची खात्रीशीर पद्धत

तुमच्या हद्दीत कामगारांसाठी उभा राहिलेला एखादा रेल्वे हॉल्ट अजून चालू असेल, तर घाबरून जाऊ नका. बंद पाडता येतो. त्याला आदेशही लागत नाही, वेळापत्रक पुरतं.

पहिली पाळी सातला भरते ना? मग लोकल सात वाजून चार मिनिटांनी आणायची. अर्धा तास उशीर केलात तर मोर्चा येईल. चार मिनिटांसाठी कोण अर्ज करतो? गेटवरचं घड्याळ मात्र सातनंतर कार्डावर लाल आकडा छापतं. तीनदा लाल उमटलं की अर्धी रजा गेली. महिन्याभरात फिटर मंडळी डबा हँडलला अडकवून सायकलवर येतात, मग लुनावर. (आकुर्डीत दिवसभर स्कूटर जुळवणाऱ्याने लोकलला लोंबकळत घरी जावं, ही अपेक्षाही जरा चमत्कारिकच.) उरलेसुरले कंपनीच्या बसमध्ये बसवा.

आता प्रवासी मोजायला माणूस पाठवा. कधी? दुपारी बाराला. पाळी सुटताना चुकूनही नको, फलाटावर माणसं दिसतील. त्याच्या वहीत दोन शेळ्या आणि एक पेंगणारा तिकीट एजंट एवढीच नोंद आली पाहिजे. हॉल्टला स्टेशनमास्तर नसतो, तिकिटं कमिशनवर विकली जातात, त्यामुळे एजंटाला वेगळं काढावं लागत नाही. तो स्वतःच चहाची टपरी टाकतो.

बंद झाला? आता हळहळा. हे काम मनापासून करा. खंडाळा ते पुणे रूळ 1858 सालचे, पिंपरीचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना 1954 सालचा, लोणावळा लोकल 1978 सालची, हे आकडे पाठ ठेवा. वारसा फेरीत लोक माना डोलावतात. पिवळा फलक काढू देऊ नका, फोटो त्याच्यापुढेच चांगला येतो. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. गाडी थांबो न थांबो, तेवढी एक सोय रेल्वेने कायम ठेवली आहे.

कुणी पुन्हा थांबा मागितलाच, तर मेट्रोकडे बोट दाखवा. 2022 पासून धावतेय, गारेगार आहे. पिंपरीहून पुण्याला माणसं रुळावरून न्यावीत, ही कल्पना किती नवी आहे, हेही सांगा.

राहता राहिलं कुंपणाच्या भिंतीतलं भगदाड. पलीकडच्या वस्तीतून पाळीला येणारे अजून त्यातूनच वाकून रूळ ओलांडतात. ते बुजवायला गवंडी पाठवू नका, आठवड्यात पुन्हा पडतं. शेजारी पाटी लावा: रूळ ओलांडल्यास कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड. अक्षर मोठं काढा. डिसेंबरात पहाटे सहाला तिथे मिट्ट काळोख असतो.