सरासरी काढा आणि मोकळे व्हा

अहवाल उद्या द्यायचाय, एक्सेलच्या रकान्यात आकडे पडून आहेत आणि वर कुणीतरी लिहून ठेवलंय, 'या माहितीच्या वितरणाचे वर्णन करा व अर्थ लावा.' घाबरायचं कारण नाही. सरासरी काढायची, दोन दशांशांपर्यंत लिहायची, खाली 'यावरून असे दिसून येते की' टाकायचं आणि भरीत-पुरीच्या पंगतीला निघायचं. हिवाळ्याच्या दिवसांत खान्देशातल्या माणसाने याहून जास्त वेळ आकड्यांना देऊ नये.

पुस्तकं चार प्रश्न विचारायला लावतात. आकड्यांच्या ढिगाचा आकार कसा आहे, मध्य कुठे पडतो, पसारा किती आणि कळपापासून फटकून कुणी बसलंय का. वर पुन्हा एकक लिहा, आकडे किती ते लिहा, कुणाचे आणि कधीचे ते लिहा. एवढं करायला एक अख्खी दुपार जाते. सरासरीला एक बटण पुरतं.

केळीपासून सुरुवात करू. समजा चोपड्याकडच्या एका बागेतले २० घड तुम्ही तोलले. किलोमधली वजनं अशी: १२, १३, १३, १४, १४, १५, १५, १६, १६, १७, २२, २३, २४, २४, २५, २५, २६, २६, २७, २८. बेरीज ३९५, सरासरी १९.७५. झालं काम. 'बागेतील घडाचे सरासरी वजन सुमारे २० किलो आहे.' वाक्य कसं गोटीबंद आहे! बागेत वीस किलोचा एकही घड नाही, ही किरकोळ बाब. सतरावरून उडी थेट बावीसवर आहे. तोडणीला आलेला माणूस काटा घेऊन उभा राहील आणि विचारेल, "तो वीस किलोना घड कोठे शे भाऊ?" त्याला सांगा, तो अहवालात आहे.

कुणी शहाणा म्हणेल की सरासरीवर भरवसा नको, मध्यक, म्हणजे चढत्या क्रमात मधोमध पडणारा आकडा, काढा. जरूर काढा. दहावा आकडा १७, अकरावा २२, मधोमध १९.५. मध्यकसुद्धा तुमच्याच बाजूने साक्ष देतोय.

आता आयतालेख मागतील, म्हणजे कोणत्या गटात किती आकडे पडले ते खांबांनी दाखवणारं चित्र. इथे सगळी कला वर्गांतरात, म्हणजे एकेका गटाच्या रुंदीत आहे. १० किलोचं वर्गांतर घ्या: १० ते २० मध्ये १० घड, २० ते ३० मध्ये १० घड. दोन सारखे खांब, जुळ्या भावांसारखे. यातून कुणालाही काहीही कळत नाही, आणि आपल्याला तेच हवंय. चुकूनही ३ किलोचं वर्गांतर घेऊ नका. १९२६ साली स्टर्जेस नावाच्या माणसाने अंदाजाला एक सूत्र दिलं: वर्गांची संख्या म्हणजे १ अधिक आकड्यांच्या संख्येचा २ या पायाचा लॉगरिदम. २० आकड्यांना ते ५.३ येतं, म्हणजे पाच-सहा वर्ग. १२ ते २८ हा १६ किलोचा विस्तार सहा वर्गांत वाटला की वर्गांतर साधारण ३ किलो. मांडून बघितलंत तर वारंवारता, म्हणजे एकेका वर्गातल्या घडांची संख्या, येते ५, ५, ०, २, ६, २. मधला तो शून्य बघितलात? आयतालेखात तिथे दरी पडते, दोन टेकड्या उभ्या राहतात आणि कुणीतरी विचारतं की बागेत दोन प्रकारचा माल आहे का. आहेच. अर्धी लागवड कंदांची आहे, अर्धी टिश्यूच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, रोपांची. हा प्रश्न येऊ द्यायचा नसेल तर वर्गांतर मोठं ठेवा, आणि दोन-तीन वेगवेगळी वर्गांतरं घेऊन बघण्याची सवय तर मुळीच लावून घेऊ नका.

त्यातून कुणी आधुनिक निघाला तर बॉक्सप्लॉट दाखवा: सगळ्यात लहान, पहिला चतुर्थक, मध्यक, तिसरा चतुर्थक आणि सगळ्यात मोठा या पाच आकड्यांवरून काढलेली पेटी आणि तिच्या दोन बाजूंच्या रेघा, म्हणजे मिशा. जॉन ट्युकीने रुळवलेला हा आलेख देखणा आहे, आणि आपल्या कामाला तर फारच सोयीचा. पहिला चतुर्थक (खालच्या निम्म्या आकड्यांचा मध्यक) १४.५, तिसरा (वरच्या निम्म्यांचा) २५, मध्यकाची रेघ १९.५ वर, पेटीच्या जवळजवळ मधोमध. दोन्ही मिशा जेमतेम लांबीच्या. बघणारा म्हणेल, वा, किती सममित वितरण! बॉक्सप्लॉटमध्ये टेकड्या दिसतच नाहीत, तो पाच आकड्यांच्या आत-बाहेरचं काही सांगत नाही. पेटीचा मधला भाग भरगच्च असावा असं डोळ्याला वाटतं. इथे तिथेच उजाड रान आहे.

प्रमाण विचलन राहिलं, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप. ते साडेपाच किलोच्या आसपास येतं. लगेच पुढे लिहा, 'म्हणून ६८ टक्के घड १४.२५ ते २५.२५ किलोच्या दरम्यान आहेत.' मोजू नका. मोजलेत तर ११ घड निघतात, म्हणजे ५५ टक्के. ६८-९५-९९.७ हा हिशोब, म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक, दोन, तीन प्रमाण विचलनांच्या आत अनुक्रमे तेवढे टक्के आकडे, घंटेच्या आकाराच्या वितरणाचा, पण नियम पाठ केलाय तर कुठेतरी वापरायला नको का?

सगळ्यात धोक्याचं वाक्य कोणतं तेही सांगून ठेवतो, म्हणजे टाळता येईल: 'वजनांचे दोन पुंजके आहेत. कंदाच्या झाडांचे घड १२ ते १७ किलो, मध्यक १४.५, टिश्यूच्या झाडांचे २२ ते २८ किलो, मध्यक २५, १८ ते २१ किलोचा एकही घड नाही.' असलं काही लिहिलंत तर शेतकऱ्याला पुढची लागवड कशाची करायची ते कळेल आणि तुम्हाला अहवालासाठी कुणी दुसऱ्यांदा बोलावणार नाही.

दुसरं उदाहरण स्टेशनावरचं. समजा भुसावळला सकाळी येणाऱ्या एका गाडीचा उशीर तुम्ही ११ दिवस टिपला, मिनिटांत: ०, २, ३, ४, ५, ५, ६, ८, १०, १२ आणि एका दिवशी ३८५. बेरीज ४४०, सरासरी बरोब्बर ४० मिनिटं. लिहा, 'गाडी सरासरी ४० मिनिटे उशिरा येते.' अकरातल्या दहा दिवशी ती बारा मिनिटांच्या आत आली, पण प्रवाशांनी तुमचा अहवाल वाचून घरून अर्धा तास उशिरा निघायला काय हरकत आहे? चुकेल गाडी, शिकतील सांख्यिकी. मध्यक ५ मिनिटं आहे हे गुपित ठेवा.

प्रमाण विचलन इथे १०९ मिनिटं येतं. एका आकड्याने सगळं ताणलंय, कारण प्रत्येक फरकाचा वर्ग होतो आणि ३४५ चा वर्ग एक लाख एकोणीस हजारांवर जातो. 'सरासरी उणे एक प्रमाण विचलन' करून बघा. उणे ६९. गाडी वेळेच्या एक तास नऊ मिनिटं आधी येण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे असं अहवालात लिहिता येईल, आणि प्लॅटफॉर्मवरच्या चहावाल्याला तयारीत राहायला सांगता येईल. एका बाजूला लांब शेपूट असलं की प्रमाण विचलन असे चमत्कार करतं. तिथे मध्यक आणि आंतरचतुर्थक विस्तार (तिसरा चतुर्थक उणे पहिला) ही जोडी द्यावी असं जाणकार म्हणतात. जाणकार गाडीनेच फिरतात, त्यांचं काय मनावर घ्यायचं.

शेपटावरून आठवलं. या वितरणाची टेकडी डावीकडे आहे आणि शेपूट उजवीकडे. नाव शेपटावरून पडतं, म्हणून ही उजवी, म्हणजे धन विषमता. तुम्ही बिनधास्त टेकडी बघून 'डावी विषमता' लिहा. निम्मा वर्ग तेच लिहितो, एकटे पडणार नाही.

आता त्या ३८५ चं करायचं काय? आंतरचतुर्थक विस्ताराच्या दीडपटीचं कुंपण घालायची पद्धत आहे. पहिला चतुर्थक ३, तिसरा १०, फरक ७, त्याची दीडपट १०.५, म्हणजे वरचं कुंपण २०.५ वर. ३८५ कुंपणाबाहेर, म्हणून उपटून टाका, आणि उपटल्याचं कुठेही नोंदवू नका. कुंपणाबाहेरचा आकडा म्हणजे चोर नव्हे, फक्त चौकशीला थांबवलेला पाहुणा, असलं काही मनात आणू नका. चौकशी केली तर तीन उत्तरं निघू शकतात. नोंद करताना ३८.५ मधला दशांश खाल्ला गेला, मग दुरुस्त करा. ती गाडीच दुसरी होती, मग ती नोंद वेगळी काढा. किंवा त्या दिवशी खरंच रूळ पाण्याखाली होते, मग आकडा ठेवा आणि त्याच्यासह व त्याच्याशिवाय अशी दोन्ही गणितं द्या. तिन्हीत फोन लावावा लागतो. डिलीटला लागत नाही.

बाकी चतुर्थक कोणत्या रीतीने काढले ते कधीही लिहू नका. हातानं मधला आकडा वगळून काढले तर ३ आणि १०, एक्सेलच्या नेहमीच्या फंक्शनने काढले तर ३.५ आणि ९. दोन विद्यार्थ्यांची उत्तरं वेगळी आली की दोघांचे गुण कापायला गुरुजींना तेवढीच सोय.

आकडे भरतानाची दोन सूत्रं मात्र हाताशी असू द्या. परीक्षेला जो गैरहजर, त्याच्यापुढे ० लिहा. पावसाच्या वहीत ज्या दिवशी पाऊस नाही, तो रकाना मोकळा सोडा. एक्सेलची सरासरी मोकळा रकाना मोजत नाही आणि शून्य इमानाने मोजते, त्यामुळे दोन्हीकडे गोंधळ हमखास. ३५ मुलांची सरासरी ५६ असेल आणि ५ गैरहजरांना शून्यं मिळाली, तर १९६० भागिले ४० म्हणजे ४९. एकाही मुलाचा अभ्यास कमी न होता वर्ग ७ गुणांनी खाली. वय विचारतानाही तसंच. "असंल पन्नास-साठ" हे उत्तर ५० म्हणून टिपत जा. मग आयतालेखात दर पाचाच्या पाढ्यावर सुळके उठतात, आणि त्यावर 'या गावात पन्नाशीचे लोक विशेष आढळतात' असा स्वतंत्र निष्कर्ष लिहिता येतो.

जमीनधारणेचे आकडे मिळाले तर सोन्याहून पिवळं. कृषी गणनेचे गट असे: १ हेक्टरपेक्षा कमी म्हणजे अत्यल्प, १ ते २ अल्प, मग २ ते ४, ४ ते १०, आणि १० व त्यावर. पहिला गट एक हेक्टर रुंद, चौथा सहा हेक्टर रुंद, पाचव्याला वरची मर्यादाच नाही. सगळ्यांचे खांब सारख्याच रुंदीचे काढा. समजा पहिल्या गटात ५० खातेदार आणि ४ ते १० मध्ये ६०. तुमच्या आलेखात मोठे शेतकरी वरचढ दिसतील. आयतालेखात क्षेत्रफळ बोलतं, म्हणून उंची वारंवारता भागिले रुंदी घ्यायची असते: पहिल्याची ५०, चौथ्याची १०. पण भागाकार कोण करतो? शेवटच्या उघड्या गटाचा वर्गमध्य, म्हणजे गटाच्या मधोमधचा आकडा, काय धरायचा हे कुणालाच ठाऊक नसतं, तरी १५ धरून सरासरी काढा, आणि १५ कुठून आला हे सांगू नका.

सर्वात शेवटी पाऊस, कारण इथे खान्देशातला माणूस हटकून तोंड उघडतो. जून ते सप्टेंबर १२२ दिवस. समजा एका गावाला या काळात ७३२ मिलिमीटर पडला. सरासरी रोज ६ मिलिमीटर. वाचायला किती गारवा! समजा तो ४८ दिवशी पडला आणि ७४ दिवस कोरडे. मग बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा, शून्य. एव्हाना ज्यांना मध्यकाचं वेड लागलंय त्यांनी मध्यक काढावा: १२२ पैकी ७४ शून्यं, मध्यकही शून्य. म्हणजे सरासरी सांगते रोज भुरभूर आणि मध्यक सांगतो दुष्काळ. दोघांपैकी जो तुमच्या साहेबांना रुचेल तो छापा. किती दिवस कोरडे, पावसाच्या दिवसांचा वेगळा मध्यक किती, २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त म्हणजे हवामान खात्याच्या व्याख्येतला 'पावसाचा दिवस' असे किती, हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहायचा मोह आवरा.

आणि तरीही कुणी कापूसवाला उठून म्हणालाच की पाऊस पुरेसा पडला तर पऱ्हाटी का वाळली, तर त्याला आयतालेख दाखवा. १२२ दिवसांच्या १२२ चिठ्ठ्या करा, टोपलीत घालून हलवा, कशाही क्रमाने बाहेर काढा, आयतालेख तोच येतो. एका साली पाऊस टप्प्याटप्प्याने आला, दुसऱ्या साली तेच आकडे जुलैत एकगठ्ठा येऊन ऑगस्टात पाते-फुलं लागायच्या वेळी तीन आठवड्यांचा खंड पडला, तरी दोन्ही सालांची सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, खांब, सगळं एकसारखं. खंड बघायचा तर तारखेनुसार रेघ काढावी लागते. तुम्ही आयतालेखच डकवा, हवं तर यंदा रंगीत. तारखांच्या रकान्यावर माउसचं उजवं बटण दाबलं की 'हाइड' येतं.